दीनानाथपंतांची पितळी पकड

दीनानाथपंतांच्या चरकातून सुटलेला सागवानी तुकडा पडवी ओलांडून, अंगण ओलांडून, तुळशीला वळसा घालून थेट गोपाळकृष्णशास्त्र्यांच्या पंचपात्रात जाऊन पडला. शास्त्रीबुवा समोरच्या ओसरीवर सायंसंध्येला बसले होते. केशव झाला होता, नारायण झाला होता, आणि माधवाच्या आचमनाला पाण्याऐवजी तोंडात भुसा आला.

"पंत!" शास्त्रीबुवा थुंकत ओरडले. "ही संध्येची वेळ आहे की निशाणबाजीची?"

"तुम्ही मध्ये बसलात," पंत म्हणाले.

"मी माझ्या ओसरीवर बसलो होतो!"

"तेच म्हणतोय मी. ओसरी मध्ये आहे."

दीनानाथपंत सरकारी दफ्तरात कारकून होते. दिवसभर बोरूने जे लिहायचे ते रात्री रुमालात बांधले जाई आणि पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडत नसे. त्यामुळे संध्याकाळी हाताला लागेल असे काहीतरी करावे, अशी त्यांना ओढ लागली, आणि त्यांनी बुधवार पेठेतल्या आपल्या पडवीत लाकूड कातायचा एक चरक मांडला. जमिनीत रोवलेले दोन खुंट, त्यांच्यामध्ये आडवी फिरणारी दांडी, दांडीला दोरीचे वेढे. एकाने समोर बसून दोरी मागेपुढे ओढायची, म्हणजे दांडी गरगरे. दुसऱ्याने फिरत्या लाकडाला पटाशी लावायची, म्हणजे लाकूड गोल होई. निदान कातारी लोकांचे होई. कातारी त्यासाठी तातीची, म्हणजे जनावराच्या आतड्याची दोरी वापरत. ब्राह्मणाच्या घरात तात चालणार नाही म्हणून पंतांनी आपल्या जुन्या मुकट्याची रेशमी दोरी वळली होती. सोवळ्यात चालणारा पुण्यातला हा एकमेव चरक होता. ती दोरी ओढण्याचे काम सुनीतीबाईंकडे, म्हणजे त्यांच्या कुटुंबाकडे होते.

हे सगळे इतके दिवस नुसते शेजाऱ्यांच्या चेष्टेवर निभावले होते. पण आता प्रसंग निराळा होता. लेक शकू पहिल्या बाळंतपणाला वाईहून माहेरी आली होती, तिला मुलगा झाला होता, आणि बाराव्या दिवशी बारशाला विहीणबाई जातीने येणार होत्या. जन्माआधी पाळणा घरात करू नये, आणू नये, त्याचे नावही काढू नये, असे सुनीतीबाईंनी बजावले होते. म्हणून पंत थांबले होते. मात्र वाईला पत्र लिहिताना ते थांबले नव्हते. "विकतचा पाळणा आमचे घरी यावयाचा नाही. नातवाचा पाळणा आम्ही स्वहस्ते कातू," असे त्यांनी दफ्तरी वळणाच्या अक्षरात लिहून टाकले होते. सुताराने पाळण्याची चौकट आणि तळ करून दिला होता. राहिल्या होत्या त्या फक्त कठड्याच्या दांड्या. त्या नसत्या तर मूल एका बाजूने ठेवायचे आणि दुसऱ्या बाजूने उचलायचे, इतकाच त्या पाळण्याचा उपयोग होता.

आणि दांडी काही होत नव्हती. दर वेळी लाकूड अर्धे गोल होई आणि शास्त्रीबुवांच्या दिशेने निघून जाई.

"अहो, कसब्यात कातारी बसलेत," सुनीतीबाई म्हणाल्या. "चार दांड्या आणा न् मोकळे व्हा. वाईला काय कळतंय?"

"कातारी! त्यांची दांडी पाहिलीये का तुम्ही कधी?"

"का? वाकडी असते?"

"सरळ असते. पण नुसतीच सरळ असते!" पंत तिरस्काराने म्हणाले. "माझ्या हातात दोष नाहीये. दोष या पकडीत आहे."

पकड म्हणजे चरकाच्या दांडीच्या टोकाला बसवलेली बाभळीची वाटी. कातायचे लाकूड तिच्यात ठोकून बसवायचे. ती वाटी झिजून फाकली होती हे खरे होते. पण छंद असणाऱ्या माणसाला अवजार झिजलेले दिसले की नुसते तसलेच दुसरे आणावेसे वाटत नाही. त्याहून भारी आणावेसे वाटते. पंतांना पितळी पकड हवीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी पोट दुखत असल्याचे दफ्तरात कळवून ते तांबट आळीत गेले. आळीत ठोकाठोक इतकी चालली होती की पंतांना स्वतःचा संताप ऐकू येईना. दत्तोबा तांबट मांडीत हंडा घेऊन बसला होता.

"पितळी पकड पाहिजे," पंत ओरडले.

"घागर घ्या."

"पकड म्हटलं मी!"

"ऐकलं. घागर चांगलीये."

पंतांनी खाली बसून बोटाने मातीत आकृती काढली. वाटी, तिला मागे भोक, पुढे लाकूड आवळायला तीन नखे. दत्तोबाने एक डोळा मिटून ती पाहिली.

"झाकण कुठंय?"

"याला झाकण नसतं."

"मग आत मुंग्या जातील."

"दत्तोबा, यात काही ठेवायचं नाहीये! हे लाकूड धरायचं साधन आहे."

"हे बघा पंत, तुम्ही दफ्तरात काय लिहिता ते मी येऊन सांगतो का? माझ्या आज्यानं मुदपाकखान्यातल्या हंड्या ठोकल्यात. परवा या."

परवा पंत गेले तेव्हा दत्तोबाने फडके बाजूला केले. पकड बऱ्यापैकी घंगाळाएवढी होती. तिला तीन नखे होती, काठाला वेलबुट्टी होती, आणि अंगभर हातोडीचे नाजूक गोल ठसे होते. ऊन पडले की ती हसल्यासारखी दिसे.

"हे मठारकाम कोणी सांगितलं होतं?"

"मठाराशिवाय माझ्या दुकानातून भांडं बाहेर जात नाही."

"पण हे भांडं नाहीये!"

"ते तुम्ही घरी जाऊन ठरवा," दत्तोबा म्हणाला, आणि त्याने हंडा पुन्हा मांडीत घेतला.

पंतांनी पकड खांद्यावर घालून घरी आणली. वाटेत दोन ओळखीच्यांनी कोणाकडे कार्य आहे म्हणून विचारले. पंत नुसते भराभर चालू लागले.

पकड दांडीवर चढली. सुनीतीबाईंनी दोरी ओढली. काही झाले नाही. त्यांनी पदर खोचला, दोन्ही पाय खुंटाला लावले आणि पुन्हा ओढली. पकडीने एक अर्धी गिरकी घेतली आणि थांबली.

"याच्यापेक्षा विहिरीचा रहाट बरा," सुनीतीबाई उठल्या. "त्यातून पाणी तरी निघतं. माझे अळिवाचे लाडू राहिलेत."

मग पंत शास्त्रीबुवांकडे गेले. शास्त्रीबुवांनी आधी साफ नकार दिला. पण नव्या पकडीतून लाकूड निसटणार नाही, म्हणजे पंचपात्राला यापुढे भय नाही, हा मुद्दा त्यांच्या बुद्धीला पटला. पगडी उतरवून, उपरणे खांद्यावर टाकून ते दोरी धरून बसले. शास्त्रीबुवा देहाने भरीव होते. त्यांच्या ओढीला पकड फिरली. फिरली ती चांगलीच फिरली. जड वस्तूचे असे असते की ती आधी हलत नाही आणि मग ऐकत नाही. शास्त्रीबुवांनी दोरी सोडायच्या आत दोरीने त्यांचे उपरणे धरले, आणि उपरण्यामागोमाग शास्त्रीबुवा आले.

"थांबवा! अहो, थांबवा!"

"तुम्हीच ओढताय!"

"मी नाही, तीच मला ओढतेय!"

तेवढ्यात खुंटांनी जमीन सोडली. पकड, दांडी, दोन खुंट आणि शास्त्रीबुवा असा सगळा लवाजमा पडवीतून चालत निघाला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागून थांबला. सुनीतीबाईंनी आतून पाहिले.

"जेवायला थांबताय का शास्त्रीबुवा?" त्यांनी विचारले.

पंत मात्र संतापले होते ते निराळ्याच गोष्टीवर. "पकड उत्तम आहे," ते म्हणाले. "खुंट कुचकामी निघाले."

खुंट जाड घेतले. जाड खुंटांना पडवीची जमीन पुरेना, म्हणून चरक अंगणात आला. अंगणात खोल खड्डा खणला. बारशाच्या आदल्या दुपारी पहिला खुंट बसला. दुसरा खुंट खड्ड्यात उभा करून पंतांनी त्यावर घण घातला. एकदा 'ठप्प' झाले. दुसऱ्यांदा 'ठप्प' झाले. तिसऱ्यांदा 'खळ्ळ' झाले, आणि खुंट हातभर खाली गेला.

त्या दिवसांत कात्रजचे पाणी पुण्यात येऊन फार काळ लोटला नव्हता. डोंगरातून निघालेले ते पाणी पेठेत आले की जमिनीखालून मातीच्या खापरी नळांनी हौदाहौदांत जाई. आळीच्या हौदाकडे जाणारा नळ पंतांच्या अंगणाखालून जात होता, हे पंतांना तेव्हा कळले. खड्ड्यातून पाणी वर आले. आधी झऱ्यासारखे आले, मग हौसेने आले.

पंतांनी खुंटाला दोन्ही हातांनी हलवून पाहिले. तो फुटक्या नळात पाचरीसारखा बसला होता. तसूभर हलला नाही.

"बसला!" पंत म्हणाले. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडावर प्रथमच समाधान दिसले.

"पंत, पाणी," शास्त्रीबुवा म्हणाले.

"ते होईल बंद. तुम्ही दोरी धरा."

घोटाभर पाण्यात बसून शास्त्रीबुवांनी अर्धी दुपार दोरी ओढली आणि एक दांडी तयार झाली. घरात काही चांगले घडल्यासारखा चेहरा करून पंतांनी ती उन्हात धरून पाहिली. दांडी एका टोकाला जाड होती, दुसऱ्या टोकाला बारीक होती, आणि मध्येच कोणावर तरी रुसल्यासारखी डावीकडे वळली होती. मठारलेली पकड फिरताना थोडी झिंगत असे, त्याचा हा प्रसाद होता.

"लयदार आहे," पंत म्हणाले.

शास्त्रीबुवांनी ओल्या उपरण्याने नाक पुसले. त्यांना शिंका येत होत्या.

बारशाच्या दिवशी सकाळी आळीचा हौद कोरडा पडला. सूर्य कासराभर वर यायच्या आत रिकाम्या घागरींचा एक मोर्चा पंतांच्या दारात येऊन उभा राहिला. पुढे तुळजाबाई होत्या. त्यांचे यजमान शिलेदार होते, आणि ते मोहिमेवर असताना आळीची मोहीम त्या चालवत. त्यांच्याशेजारी कोतवालीच्या चावडीवरचा हवालदार जयसिंग होता. तो दारातच थांबला, कारण बाळंतिणीच्या घरात शिरू नये असे त्याला त्याच्या आईने सांगितले होते.

"पंत, हौदात ठणठणाट हाय!" तुळजाबाई गरजल्या. "आन् तुमच्या अंगणात तळं! आज मालक येणार, न्हाणीघरात थेंब न्हाई. काय घोड्याकडनं चाटून घ्या म्हनू त्यास्नी?"

"मग मी काय करू? माझ्याकडे आज बारसं आहे!"

"त्यो खुंट उपटा."

"खुंट निघणार नाही."

"ओढून काढतो की आम्ही," जयसिंग दारातून म्हणाला.

"निघणार नाही म्हणजे मी काढू देणार नाही!" पंतांचा आवाज चढला. "तो काढला की चरक गेला. चरक गेला की पाळणा गेला. संध्याकाळी वाईच्या विहीणबाई येतायत. त्यांच्यापुढे काय चौकट ठेवू? दांड्या पुऱ्या झाल्या की खुंट तुमचा. त्याआधी हात लावायचा नाही!"

"पंत, सरकारी हुकूम आणीन."

"आणा. मीच लिहितो तो. दफ्तरात माझ्याच बैठकीवर येईल. चार महिन्यांनी."

जयसिंगाने तुळजाबाईंकडे पाहिले. हा मनुष्य खरे बोलतो आहे, अशी खात्री जयसिंगाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

"दांड्या किती झाल्या?" तुळजाबाईंनी विचारले.

पंतांनी लयदार दांडी पुढे केली. तुळजाबाईंनी ती फिरवून पाहिली. मग चौकटीतली भोके पाहिली. मग समोर शिंकत बसलेल्या शास्त्रीबुवांना पाहिले.

"ही कराया किती येळ लागला?"

"अर्धी दुपार," शास्त्रीबुवा नाकातून म्हणाले.

तुळजाबाईंनी मनाशी काही हिशेब केला. तो बहुधा दसऱ्याच्या पुढे गेला असावा. त्या घागर तिथेच टाकून घरी गेल्या आणि परत आल्या त्या हातात लाटणे घेऊन. जयसिंग दोन पावले मागे सरला. पण तुळजाबाईंनी लाटणे पंतांपुढे आपटले.

"घ्या. बसवा."

"हे लाटणं आहे!"

"गोल हाय?"

"आहे, पण—"

"लांब हाय?"

"आहे, पण हे मी कातलेलं—"

"नशीब माझं. बसवा!"

पंतांच्या नाकपुड्या फुगल्या. "लाटण्यांचा पाळणा? माझ्या नातवाला? मी विकतचा आणणार नाही असं लिहून दिलंय!"

"मग विकत कोण देतंय?" माळ्याची मैना मागून म्हणाली, आणि तीही लाटणे आणायला गेली.

मग कोणी पंतांना विचारले नाही. कोणी लाटणे आणले, कोणी ताकाच्या रवीचा दांडा काढून आणला, कोणी मोडक्या खाटेचा लाखेने रंगवलेला गज आणला. सुनीतीबाईंनी स्वतःचे लाटणे पुसून सगळ्यांत आधी पुढे केले, आणि पंतांकडे पाहणे टाळले. टोके तासून भोकांत बसवण्याचे काम मात्र पंतांनी दुसऱ्या कोणाला करू दिले नाही. दर लाटण्याला ते एकदा "शिव शिव" म्हणत आणि ठोकत. शेवटच्या भोकात त्यांनी आपली दांडी बसवली. ती बसेना, त्यांनी बसवली.

पाळणा पुरा होताच जयसिंग आईची आज्ञा विसरला. त्याने चरकाचीच रेशमी दोरी खुंटाला बांधली, बायकांनी मागून जोर लावला, आणि 'फस्' करून खुंट बाहेर आला. पाण्याचा लोट उसळला. नळाला पडलेले भोक बुजवायला चिंध्या झाल्या, चिखल झाला, शास्त्रीबुवांचे उपरणे झाले. काही टिकेना. तेव्हा मैनेने शेजारी पडलेली पितळी पकड उचलली आणि पाण्यात पालथी घातली. तीन नखे खापरीवर आवळून बसली आणि पाणी एकदम गप्प झाले. लाकूड धरायला केलेल्या त्या पकडीने अखेर काहीतरी धरले होते. मागच्या भोकात चिंधी कोंबून जयसिंगाने वर भराभर माती ओढली.

"अहो, माझी पकड!" पंत खड्ड्याकडे धावले.

"आता ती नळाची हाय," जयसिंग म्हणाला. "नळ सरकारचा. हात लावाल तर चावडीवर नेईन. आन् तो हुकूम मी तोंडी देतो."

संध्याकाळी वाईचा मेणा दाराशी उतरला. विहीणबाई वयाने आणि जिभेने अशा मुक्कामी पोचल्या होत्या की व्याह्यांशी उंबऱ्यावरून बोलायला त्यांना आडोसा लागत नसे. माजघरात आळीतल्या झाडून साऱ्या बायका होत्या. बोलावणे नसलेल्याही आल्या होत्या. आपापले लाटणे परत मिळेपर्यंत त्या हलणार नव्हत्या. पुरुषमंडळी ओसरीवर घुगऱ्या खात होती.

विहीणबाई पाळण्यापुढे उभ्या राहिल्या.

"विकतचा नाही," त्या म्हणाल्या. "हे सांगायला पत्राची गरज नव्हती."

सुनीतीबाईंनी डोळे मिटून घेतले. ओसरीवर पंतांचा हात घुगऱ्यांत थांबला.

"ही लाटणी आहेत," विहीणबाई म्हणाल्या.

"हे माझं," तुळजाबाईंनी बोट दाखवले. "हे मैनाचं. ही रवी वाण्याच्या सुनेची. हे तिकडलं कासारणीचं."

विहीणबाईंनी एकेका लाटण्यावरून हात फिरवला. एकाला अजून पीठ होते. ते बोटाला लागले तशा त्या एकदम पाटावर बसल्या आणि पदराने डोळे टिपू लागल्या.

"घरोघरच्या अन्नाची लाकडं गोळा केलीत!" त्या म्हणाल्या. "आमच्या आत्याबाई पाच घरचं जुनेर मागून पहिल्या लेकराला कुंची शिवत. लोकांचं मागून घातलं की लेकरू जगतं, म्हणायच्या. तुम्ही तर अख्ख्या आळीपुढे पदर पसरलात. व्याही, खरं सांगते, तुमचं पत्र वाचून मी म्हटलं होतं, हा मनुष्य मोठा ताठ्याचा दिसतोय. मला माफ करा."

पंत ताडकन उठले. पदर पसरला? त्यांनी? जन्मात ज्यांनी शेजाऱ्याकडे विस्तव मागितला नव्हता त्यांनी? ते तोंड उघडणार, इतक्यात माजघरातून सुनीतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिले. पंत उभ्याचे बसले.

बाळाला पाळण्यात घातले. लाटण्यांनी त्याला चारी बाजूंनी सांभाळून धरले. बायकांनी गाणे म्हटले, विहीणबाईंबरोबर आलेल्या शकूच्या नणंदेने बाळाच्या कानात नाव सांगितले, तिच्या पाठीवर धपाटे बसले, आणि सगळे यथासांग झाले. सुनीतीबाईंनी कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

तेवढ्यात पाळण्याला झोका देता देता विहीणबाईंचा हात एका दांडीवर अडला. त्यांनी ती चाचपली. वाकून पाहिली. त्यांच्या कपाळावर आठी आली.

"हे कोणाच्या घरचं?" त्यांनी विचारले.

तुळजाबाईंनी तोंड उघडले आणि सुनीतीबाईंनी त्यांच्या तोंडात भराभर सुंठवडा घातला.

"बाकीच्यांनी रोजच्या हातातलं चांगलं दिलं, आणि याच घराला हे वाकडं सुचलं?" विहीणबाईंचा आवाज ओसरीपर्यंत आला. "शुभकार्याला असलं लाकूड देणारं माणूस मनानं साफ नसतं, हे मी लिहून देते. व्याही, नाव सांगा त्या घराचं. तिथलं पाणीसुद्धा घेणार नाही मी."

ओसरीवर सगळ्यांच्या माना पंतांकडे वळल्या. पंतांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. ती दांडी लयदार होती. ती समजायला दृष्टी लागते. वाईला ती असणे शक्य नव्हते. हे सगळे त्यांच्या ओठांपर्यंत आले, पण मग त्यांनी एकदा पाळण्याकडे पाहिले. आत नातू झोपला होता.

पंतांनी अंगरखा सारखा केला आणि खाकरून घसा साफ केला.

"शास्त्रीबुवांच्या," ते म्हणाले.

शास्त्रीबुवांच्या तोंडात त्या वेळी घुगऱ्यांचा मोठा घास होता.